हिवाळ्याचं बिल कोणाच्या नावावर?

जून उजाडला की नाशिकहून लडाखकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. कोणी मोटारसायकलवर, कोणी टूरवाल्याच्या गाडीने, कोणी सरळ विमानाने. मंडळी परतली की गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकपासून सोसायटीच्या कोजागरीपर्यंत एकच चर्चा रंगते आणि तिचे दोन तट ठरलेले असतात. पहिला म्हणतो, काय ती हवा, काय ते आकाश, सगळं विकून तिकडेच जाऊन राहावं. दुसरा म्हणतो, राहतात तरी कशी ती माणसं? आणि मूठभर लोकांसाठी बोगदे, विमानतळ, दवाखाने बांधायचे कशाला, खाली आणून वसवा की सगळ्यांना. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या दर्जासाठी आणि राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीसाठी (म्हणजे आदिवासी मुलखाला आपल्या जमिनीचा कारभार स्वतः पाहू देणाऱ्या तरतुदीसाठी) चाललेल्या लेहच्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं, चार जणांचा जीव गेला. तेव्हा या दुसऱ्या तटाचा आवाज आणखी चढला. 'एवढं सगळं दिलं, अजून काय पाहिजे यांना?' असं विचारणारे पहिल्या तटातलेही निघाले. फोटो काढून झाले होते ना!

मला हा वाद ऐकताना कंटाळा येतो, कारण तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या खात्यावर मांडला जातो. दुर्गम, थंड मुलखात राहण्याचे तोटे सगळेच थंडीच्या नावावर टाकतात आणि फायदे निसर्गाच्या. माझ्या मते दोन्ही नोंदी खोट्या आहेत. तिथला खरा तोटा अंतराचा आहे आणि अंतर हे बऱ्याच अंशी सरकारदरबारी ठरतं. तिथले खरे फायदे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून उभे केलेत, डोंगराने फुकट वाटलेले नाहीत. हे एकदा मान्य केलं, तर त्या लोकांनी तिथे राहावं की नाही हा प्रश्न आपल्या अखत्यारीतला उरत नाही. तिथल्या हिवाळ्याचं बिल कोणी भरायचं, एवढाच उरतो.

थंडीची गोष्ट आधी निकालात काढू. नाशिकला थंडी कोणी शिकवायला नको. दर डिसेंबर-जानेवारीत 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी छापून येतेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. पहाटेच उठून बांधाबांधाने शेकोट्या पेटवायच्या, काडीकचरा थोडा ओलसर ठेवून बागेत धूर धरायचा, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं; नाहीतर पाणी उतरलेला मणी सकाळी तडकलेला सापडतो. आता हाच बागायतदार उजाडल्यावर घरात येतो, तेव्हा काय असतं? पायाला चटका देणारी गार फरशी, खिडकीच्या फटीतून येणारा वारा आणि अंगावर तीच कानटोपी. पिकासाठी आपण थंडीचा बंदोबस्त करतो, घरासाठी करत नाही. दोन महिन्यांत जाणारच आहे, असं म्हणून सोसतो.

लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंधराच्या आसपास जातो आणि कारगिलजवळच्या द्रासला त्याच्याही बराच खाली. तिथली जुनी घरं उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची, हातभर जाड भिंतींची. मोठ्या खिडक्या दक्षिणेला, म्हणजे दिवसभराचं ऊन आत. खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं. हिवाळा लागला की सगळं घरदार एका स्वयंपाकघरात मुक्कामाला येतं. चूल तिथेच, अंथरूण तिथेच, म्हातारीची माळ आणि पोरांचा अभ्यास तिथेच. बटाटे, सलगम, कोबी जमिनीखाली साठवलेले, जर्दाळू सुकवलेले, भाजलेल्या जवाचं पीठ भरून ठेवलेलं. थंडीचं गणित या लोकांनी कधीच सोडवून ठेवलंय. आपल्याला ते अशक्य वाटतं, कारण आपण हॉटेलच्या सिमेंटच्या खोलीतून ते पाहतो. ती सिमेंटची खोली आपल्यासाठीच बांधलेली आहे आणि हिवाळ्यात ती बहुधा कुलूपबंद असते.

मग काय सुटलेलं नाही? जानेवारीतल्या रात्री फुटायला आलेलं अपेंडिक्स. बाळंतपणाची तारीख फेब्रुवारीत पडलेली बाई. दहावीनंतर शिकायचं कुठे हा प्रश्न. मनालीपलीकडचं लाहौल खोरं बघा. वाटेतल्या रोहतांग खिंडीवर बर्फ पडलं की वर्षातले पाच-सहा महिने ते तुटायचं. हेलिकॉप्टरच्या जागेसाठी नाव नोंदवून वाट बघायची आणि हवा बिघडली तर आणखी वाट बघायची. ज्यांना परवडलं त्यांनी कुल्लूत दुसरं घर केलं. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौल वर्षभर जोडलं गेलं. त्या खोऱ्यातली थंडी एका अंशानेही कमी झाली नाही. पण आजाऱ्याला खाली न्यायला आता रस्ता आहे. इतकी वर्षं लाहौलमध्ये राहणं कठीण होतं ते कशामुळे, याचं यापेक्षा स्वच्छ उत्तर दुसरं कुठलं हवं? स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचं बेट आहे. माणसं तिथे कित्येक शतकं वारा-वादळात, समुद्रपक्षी खाऊन जगली. ऑगस्ट १९३० मध्ये उरलेल्या ३६ जणांनी स्वतः अर्ज करून ते सोडलं. तरुण माणसं आधीच निघून गेली होती आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला आजारी पडलेली एक तरुण बाई मुख्य भूमीवरच्या इस्पितळात दगावली होती. वादळांनी जे कधी केलं नाही ते दवाखान्याच्या अंतराने केलं.

आता दुसऱ्या तटाचा सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तो खरोखर दमदार आहे: पैसा. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या होती २,७४,२८९. एकट्या नाशिक शहराची त्याच वर्षी साडेचौदा लाखांच्या वर. म्हणजे अख्खं लडाख आपल्या शहराच्या पाचव्या हिश्श्याएवढंही भरत नाही. पसरलंय मात्र आपल्या जिल्ह्याच्या जवळपास चौपट मुलखावर. तिथला एक किलोमीटर रस्ता किती डोक्यांच्या वाट्याला येतो आणि मुंबई नाक्यावरच्या उड्डाणपुलावरून किती डोकी जातात, हा भागाकार कोणीही करेल. सरकारची तिजोरी अथांग नसते. एका ठिकाणी दिलेला रुपया दुसरीकडून आलेला असतो. हा हिशेब मांडणाऱ्याला लगेच निर्दय ठरवू नये. तो जे विचारतो ते अर्थमंत्र्यालाही विचारावंच लागतं.

पण भागाकार सुरू केलाच आहे, तर तो लडाखच्या दारातल्या झोजिला खिंडीपाशी थांबवायचं कारण काय? आपल्याच जिल्ह्यात पेठ आहे, सुरगाणा आहे. तिथे बर्फ पडत नाही, पडतो तो धो धो पाऊस, आणि तरी उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. दिवाळी झाली की निम्मा पाडा द्राक्षबागांच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे उतरतो. ज्या पहाटेच्या शेकोट्यांचं वर सांगितलं, त्या पेटवणारे हात पुष्कळदा याच पाड्यांतले असतात. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी सरळ सांगितलं की सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा. जिल्ह्याच्या ठिकाणापासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या आतली ही माणसं. दरडोई हिशेबाच्या करवतीखाली पहिली मान त्यांचीच जाईल, द्रासवाल्याची नंतर. आणि शहरी नाशिककरानेही छाती फार फुगवू नये. नाशिकरोडचा सरकारी छापखाना १९२५ साली आला, ओझरला मिग विमानांचा कारखाना साठच्या दशकात आला, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. यातलं काहीही आपल्या डोक्यांची संख्या मोजून आपल्याला मिळालेलं नाही. कोणीतरी वर बसून ठरवलं की हे इथे असावं. त्या निर्णयांवर शहराच्या कितीतरी पिढ्या जगल्या. आपल्या वाट्याला आलेला निर्णय म्हणजे विकास आणि लाहौलच्या वाट्याला आलेला म्हणजे उधळपट्टी, हे कुठलं गणित?

इथे पहिल्या तटातला कोणीतरी मदतीला धावून येतो आणि म्हणतो, अहो, ती माणसं सीमेवर आहेत, देशाचे डोळे आहेत ते. बरोबर आहे. मे १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरात घुसखोर शिरल्याची पहिली खबर दिली ती मेंढपाळांनीच. केंद्राच्या व्हायब्रंट व्हिलेजेस योजनेमागेही हाच विचार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४,८०० कोटी रुपये मंजूर झाले ते उत्तर सीमेवरची गावं ओस पडू नयेत म्हणून. योजना चांगली आहे, वाईट म्हणत नाही. पण हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. माणूस तिथे राहतो म्हणून त्याला दवाखाना द्यायचा, की देशाला तो तिथे हवा म्हणून? दुसरं उत्तर दिलं की तो माणूस खुंटा होतो. कॅनडाने हे करून पाहिलंय. १९५३ आणि १९५५ मध्ये क्युबेकच्या उत्तरेकडची काही इनुइट कुटुंबं सरकारने उचलली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर आणखी उत्तरेला, ग्रीस फ्योर्ड आणि रेझोल्यूटला नेऊन ठेवली. शिकार मुबलक आहे असं सांगितलं; नाही जमलं तर दोन वर्षांत परत आणू असं वचन दिलं, ते पाळलं नाही. ज्यांनी महिनोन्‌महिने सूर्य न उगवणारा हिवाळा कधी पाहिला नव्हता, त्यांना तो पाहावा लागला. आर्क्टिकवरचा हक्क शाबीत करायला तिथे कॅनडाची माणसं दिसणं सोयीचं होतं, असा आरोप त्या कुटुंबांनी पुढे कित्येक वर्षं केला. सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. बर्फातच जन्मलेल्या, बर्फाची भाषा कळणाऱ्या लोकांचीही ही गत झाली. थंडीची सवय असणं आणि कुठेही नेऊन टाकलं तरी चालणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग राज्यकर्त्यांनी करायचं काय? नॉर्वेचं फिनमार्क पाहा. १९४४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा अख्खा प्रांत जाळत नेला. हामरफेस्ट गावात एक स्मशानातलं प्रार्थनागृह सोडलं तर इमारत उरली नाही. लोकांना सक्तीने दक्षिणेला हलवलं. हजारो जण मात्र हाकलले न जाता गुहांत, मातीच्या खोपटांत लपून राहिले. युद्ध संपलं तेव्हा सरकार सांगत होतं की थांबा, आराखडा होऊ द्या. लोक थांबले नाहीत. परत आले आणि राखेवर घरं बांधायला लागले. पुढे त्याच देशाने १९९० मध्ये फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्ससाठी वेगळी व्यवस्था केली: तिथे राहून काम करणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत, विजेवरचा कर माफ आणि शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जातला काही भाग दरवर्षी माफ. यातली गोम लक्षात घ्या. कोणालाही उचलून नेलं नाही. कोणावर उपकार केल्याचा आव आणला नाही. इथे राहायला जास्त खर्च येतो, तो आपण सगळे मिळून थोडा थोडा उचलू, एवढंच म्हटलं. याउलट सोव्हिएत रशियाने वोर्कुतासारखी कोळशाची शहरं उभी केली, आधी कैद्यांच्या हाडांवर आणि मग उत्तरेच्या वाढीव भत्त्यांवर. भत्त्यांचं राज्य कोसळलं तशी माणसं निघाली आणि आज तिथे वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या उभ्या आहेत. पैसा दोन्हीकडे लागला. पण फिनमार्कला माणसं आधी होती आणि पैसा त्यांच्यामागून गेला.

आता फायद्यांकडे वळू, कारण पहिल्या तटालाही मोकळं सोडायचं नाही. स्वच्छ हवा आणि निळं आकाश हा फायदा खरा, पण तो आठ दिवसांच्या पाहुण्याला दिसतो तेवढाच. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो; लेहला उतरल्यावर पहिला दिवस बिछान्यात काढावा लागतो तो त्यामुळे. पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी जवाचं शेत हिरवं दिसतं, तेव्हा त्यामागे कोण असतं? लडाखी गावात पाण्याची पाळी लावणारा 'चुरपोन' असतो. गावाने नेमलेला, बहुधा पाळीपाळीने. हिमनदीचं वितळलेलं पाणी कुणाच्या वाफ्यात किती वेळ सोडायचं हे तो ठरवतो. आपल्या बागलाणात मोसम आणि आरम नद्यांच्या काठची, पाणी वाटून घ्यायची फड पद्धत ज्याने पाहिली असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथेही पाटकरी होता, हवालदार होता, जागल्या होता. एका फडात एकच पीक, कमी पाण्याच्या वर्षी सगळ्यांनी मिळून कमी पेरायचं. विहिरी आल्या, मोटारी आल्या, ज्याच्या त्याच्या बांधावर ज्याचं त्याचं पाणी झालं आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडला. लडाखमध्ये तसल्या व्यवस्था अजून तग धरून आहेत, कारण तिथे एकट्याने जगून दाखवण्याची सोय नाही. काही घरांचा मिळून एक 'फास्पुन' असतो. जन्म, लग्न, मरण, कुठल्याही वेळी ही घरं एकमेकांसाठी उभी राहतात. जानेवारीत जमीन दगड झालेली असताना घरात माणूस गेलं, तर आप्त येतील की नाही याची काळजी करावी लागत नाही. नाशिकच्या किती फ्लॅटवाल्यांना असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल?

अंतराचाच फायदा करून घेतल्याचंही एक उदाहरण आहे. हानले हे लडाखच्या पूर्वेकडच्या चांगथांग पठारावरचं साडेचार हजार मीटरच्या आसपासचं खोरं. कोरडी हवा, गावं विरळ, रात्र खरोखरची काळी. तिथल्या सरस्वती डोंगरावर २००१ पासून दोन मीटर आरशाची दुर्बीण चालू आहे. २०२२ मध्ये हा परिसर काळोखासाठी राखीव झाला. गावकऱ्यांनी दिव्यांना झाकणं लावली, जाड पडदे घेतले. काही तरुण-तरुणींना छोट्या दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं आणि आता ते येणाऱ्यांना आकाश दाखवतात, घरात उतरवून घेतात. पश्मिन्याचंही तसंच. चांगपांच्या, म्हणजे तिथल्या भटक्या मेंढपाळांच्या, शेळ्यांच्या अंगावर ती मऊ लव धरते ती हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यामुळेच. सिन्नरच्या शेळीवर ती येणार नाही. पण त्या हिवाळ्यात शेळ्यांमागे उभं राहणारं माणूस नसेल, तर काश्मिरी शाल कुठून येणार?

याच चांगपांमधली कितीतरी कुटुंबं तंबू सोडून लेहच्या कडेला येऊन राहिलीत. ज्या गावात सगळे सगळ्यांना धरून असतात, तिथे सगळ्यांचा डोळाही सगळ्यांवर असतो. ज्या मुलीला गणित शिकायचंय, ज्या मुलाला गावच्या रीतीत बसायचं नाही, त्याला ते ऊबदार स्वयंपाकघर कोंडवाडा वाटू शकतं. बर्फ फोडून पाणी आणायचं काम बहुतेक बाईच्याच वाट्याला येतं, ते कितीही सुंदर फोटोत बसलं तरी. हे सगळं खरं आहे आणि परंपरेच्या नावाने त्यावर पांघरूण घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यावं, सन्मानाने. पण जातो म्हणजे त्याने निवड केली, असं कधी म्हणता येईल? मागे दवाखाना असेल, शाळा असेल, शिक्षक हिवाळ्यातही हजर असेल आणि तरीही तो निघाला, तर. यातलं काही नसताना निघालेल्या माणसाने निवड केली असं म्हणणं म्हणजे दुष्काळात ढोरं विकणाऱ्याला व्यापारी म्हणण्यासारखं आहे.

सगळं विकून तिकडे राहायला निघालेल्यांसाठी एकच सांगतो. त्र्यंबक रोडला फार्महाऊसं झाली तेव्हाही शांतताच हवी होती सगळ्यांना. बोअर खोल गेले, शनिवार-रविवारी गाड्या भरून आल्या आणि शेजारच्या पाड्यावरचा हंडा होता तिथेच राहिला. लेहमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चाललंय. शतकानुशतकं कोरडे संडास वापरून, त्याचं खत शेताला घालून जगलेल्या गावात आता पाहुण्यांसाठी फ्लश बसवतात आणि त्यासाठी जमिनीखालचं पाणी उपसतात. सहाव्या अनुसूचीची मागणी काही जणांना आडमुठेपणा वाटते. पण जमीन बाहेरच्याच्या हातात गेली की आधी पाण्याची पाळी मोडते, हे त्या लोकांना कळतं. मोसम खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांनाही कळत होतं. लडाखमध्ये राहायचंच असेल तर नोव्हेंबरात जावं, चुरपोनचं ऐकावं आणि एप्रिलपर्यंत निघू नये. एवढं करून जो टिकेल त्याच्याशी वाद घालायला मला आवडेल.

बाकी बिलाचा प्रश्न तेवढा अवघड नाही, जितका आपण करतो. राहणाऱ्याला रोकड हवी असते असं नाही. हिवाळ्यात हजर असणारा डॉक्टर हवा असतो. आज दुर्गम भागातली नेमणूक ही आपल्याकडे शिक्षा समजली जाते, मग ती लडाखमधल्या झांस्करला असो की सुरगाण्याला. बदली रद्द करायला मंत्रालयाच्या फेऱ्या मारणारे आपल्यातच आहेत. तिथे तीन हिवाळे काढणाऱ्या डॉक्टरचं शिक्षणकर्ज माफ करा, त्याच्या मुलांच्या शाळेची सोय करा, पदव्युत्तर प्रवेशात त्याला घसघशीत गुण द्या; आणि हेच सुरगाण्यात तीन पावसाळे काढणाऱ्यालाही द्या. मूठभर लोकांसाठी कशाला, असं विचारणाऱ्यांनी सुरगाण्यापासूनच सुरुवात करून बघावी. ते तर आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे.